नऊ हजार व्होल्ट आणि सासूबाई

वॉशिंग मशीन दुरुस्त करण्यात एका मेकॅनिकची हयात गेली होती. "वीज माझ्यापुढे मांजर होते!" असं तो बायकोला छातीठोकपणे सांगे. त्यामुळे घरच्या घरी टेस्ला कॉइल बनवून हातभर ठिणग्या पाडायचं त्याने ठरवलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. धडकी मात्र भरली.

आधी हवा होता पॉवर सप्लाय. भंगारातून निऑन पाटीचा ट्रान्सफॉर्मर आला, डायोडची माळ झाली, डब्याएवढा कपॅसिटर जोडला गेला. कपॅसिटर म्हणजे विजेची टाकीच! बटण बंद केल्यावर ही टाकी आपोआप रिकामी व्हावी म्हणून त्याने एक रेझिस्टरही लावला. चुकायला जागाच नव्हती.

रविवारी दुपारी अडगळीच्या खोलीत चाचणी झाली. वाटेत आडवं टेबल, त्यावर सगळा सरंजाम, आणि हा टेबल आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. बटण दाबताच मीटरचा काटा सरसर नऊ हजारांवर! स्वारी खूश. त्याने बटण बंद केलं.

काटा हलेना.

त्याने वाकून पाहिलं. रेझिस्टरची तार सांध्यातून निसटून लोंबत होती! टाकी तुडुंब, आणि तिची उघडी टोकं त्याच्या पोटापासून जेमतेम वीतभर. टोकांना भिडवून टाकी रिकामी करायची धातूची आकडी पार तिकडे, दाराला टेकवलेली. तो भिंतीला पालीसारखा चिकटला. ढेरी आत ओढली. श्वास घ्यायचीही चोरी!

बायको दारात आली. "अहो, असे काय उभे?"

"आत येऊ नकोस!"

"बंद आहे ना ते?"

"बंद आहे, पण भरलंय!"

"बंद आहे तर बाहेर या की!"

"हलता येत नाही गं!" तो दात आवळून म्हणाला. घाम नाकावरून ओठावर आला. पुसायची सोय नव्हती.

"हलता येत नाही" एवढंच बायकोच्या मागून आलेल्या सासूबाईंनी ऐकलं. त्यांनी जावयाकडे पाहिलं. डोळे बाहेर, अंग ताठ, ओठ थरथरताहेत!

"अगंबाई, विजेला चिकटले! लाकूड आण, लाकूड!" वाट न पाहता त्यांनी स्वतःच जळमटांच्या झाडूचा लांब लाकडी दांडा उचलला.

"आई, मी चिकटलो नाहीये!"

"घाबरू नका जावईबापू, आत्ता सोडवते!"

पहिला तडाखा खांद्यावर बसला. तो पुढे झुकला. टोकांपासून चार बोटं! तसाच मागे आदळला. दुसऱ्या तडाख्याला दांडा दाराकडे फिरला, आकडीला लागला, आणि आकडी उडून टेबलावर येऊन पडली. त्याने तिची प्लॅस्टिकची मूठ पकडली, देवाचं नाव घेतलं आणि आकडी टोकांना भिडवली.

धाड्!

निळा लखलखाट झाला. कानात शिट्ट्या वाजू लागल्या. काटा शून्यावर. तो भिंतीवरून घसरत खाली बसला.

"निघाली बघ वीज अंगातून!" सासूबाई ओरडल्या. बायकोने रडत रडत आधी आईला मिठी मारली.

आवाजाने शेजारीण धावत आली. "काय झालं हो?"

सासूबाईंनी दांडा जमिनीवर टेकवून सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"मग जावई काय करत होते?"

"ते?" सासूबाई म्हणाल्या. "ते नुसतेच उभे होते!"

जावयाने खांदा चोळत मान डोलावली.