टापटीपरावांची डोंगररांग

नदीला किती पूर येणार हे टापटीपरावांचा प्रोग्राम सांगायचा, पण तो सांगेपर्यंत पूर ओसरून जाईल अशी परिस्थिती होती. दुपारी धरण खात्याचे इंजिनिअर यायचे होते. ते खूश झाले तरच रावांची नोकरी पक्की होणार होती, आणि सकाळपासून पडद्यावरचा आकडा हलायचं नाव घेत नव्हता.

"मशीनच मेलंय," राव म्हणाले. मशीनवाला आला, पंखे पुसून गेला. मग साहेबांच्या हातापाया पडून दुप्पट ताकदीचं मशीन मागवलं, तर तेही ढिम्म. आता साहेब घड्याळाऐवजी रावांकडेच बघू लागले.

शेवटी शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी खुर्ची ओढली.

"हे काय रे?"

"नक्षी," राव लाजले. प्रोग्राम नीटस दिसावा म्हणून कॉमेंटच्या ओळीत ते डोंगररांग काढत, एक तिरकी रेघ चढती, एक उतरती.

"कॉमेंट म्हणजे माणसांसाठीची टीप. प्रोग्राम मशीनला समजावणारा कंपायलर ती वाचत नाही, बरोबर?"

"नाहीच वाचत."

"पण तुझी शेवटची रेघ म्हणजे बॅकस्लॅश. ती ओळीच्या टोकाला दिसली की त्याला वाटतं, ओळ अजून चालूच आहे. मग खालची ओळही तो कॉमेंट समजून सोडून देतो. काय आहे खाली?"

खाली सूचना होती, की काम मशीनमधल्या सगळ्या प्रोसेसरांनी वाटून घ्यावं. ती कुणी वाचलीच नव्हती. एकटा प्रोसेसर राबत होता आणि बाकीचे हातावर हात धरून बसले होते.

इंजिनिअर दारात आले तेव्हा राव ती रेघ पुसत होते. प्रोग्राम चुटकीसरशी संपला. पाणी नऊ मीटर. साहेब खुलले.

"परत चालवा बघू," इंजिनिअर म्हणाले.

चार मीटर. तिसऱ्यांदा नदी कोरडी ठणठणीत. रावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"सगळे प्रोसेसर एकाच आकड्यात हात घालतायत," ताई कुजबुजल्या. "एकाचं दुसरा पुसतोय. आजवर वाटणी झालीच नव्हती, म्हणून कळलं नाही."

"यातलं गावाला काय सांगू?" इंजिनिअरांनी विचारलं.

रावांनी रेघ होती तिथे परत काढली. नोकरी गेलीच, असं त्यांना वाटलं. "पुन्हा एकटाच प्रोसेसर राबेल, संध्याकाळ होईल. पण आकडा खरा येईल."

"आजची संध्याकाळ?" इंजिनिअर खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "आमच्या खात्यात याला झटपट म्हणतात."

साहेबांनी चहा मागवला, रावांनाही.