विनापरवाना सलोखा

आमच्या घरी जाडी आणि काका ही दोन मांजरं होती आणि त्यांची एकमेकांबद्दल काही तक्रार नव्हती. तरीही मी जनावरांच्या दवाखान्यातून तिसरं, चिमटी, आणलं, ही बाब बाबांनी गंभीर मानली. बाबा तपासणी अधिकारी आहेत. नेमकी कशाची तपासणी, हे त्यांच्या ऑफिसात कुणाला नक्की माहीत नसल्यामुळे ते सगळ्याचीच करतात.

"तीस दिवस," चिमटीकडे चष्म्यावरून बघत ते म्हणाले. "तिघांत सलोखा झाल्याचा अहवाल टेबलावर आला तर राहील. नाहीतर परत दवाखान्यात."

अहवाल मी लिहायचा होता. चिमटी माझ्या कोपरात डोकं खुपसून बसली होती, त्यामुळे मी लगेच हो म्हणाले.

डॉक्टरीणबाईंचा सल्ला साधा होता. नवीला आधी वेगळ्या खोलीत ठेवा, अंथरुणं बदलून एकमेकांचा वास येऊ द्या, मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवू घाला, शेवटी भेटवा. बाबांनी याचे चार टप्पे केले. गुरगुरणं किती वेळा, फिस्कारणं किती वेळा, पंजा नुसता उगारला की मारला, असे रकाने आखले.

वेगळी खोली म्हणून आत्याची ठरली. बाबांची ही धाकटी बहीण उशी काखेत मारून सोफ्यावर आली.

"मांजर पलंगावर आणि मी इथे. माझा कितवा टप्पा, दादा?"

"मांजर निदान ओला टॉवेल गादीवर टाकत नाही," आई म्हणाली, कुणालाही उद्देशून नाही.

डॉक्टरीणबाईंच्या हिशेबाने तीन मांजरांना वाळूचे चार ट्रे लागतात, एक राखीव. आम्हा चार माणसांना बाथरूम एक. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने त्याचं दार वाजवलं.

"वहिनी, पाऊण तास झाला."

"राखीव ट्रे रिकामाच आहे, ताई," आतून उत्तर आलं.

तिथून दोघी जुनी भांडणं उकरत आठ वर्षं मागे गेल्या. आत्याने तावातावाने कपडे घ्यायला आपल्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा आवाजाला घाबरलेली जाडी आणि आमचा बोका, काका, दोघं तिच्या पायांतून आत पळाली. तासाभराने मी डोकावले. पलंगाखाली तिघांचा एकच ढीग झाला होता आणि जाडी चिमटीचा कान चाटत होती.

मी बाबांना ओढत आणलं. त्यांनी वाकून बराच वेळ पाहणी केली.

"आपण कितव्या टप्प्यात आहोत?"

"पहिल्या."

"हे वर्तन चौथ्यातलं आहे. मधले टप्पे झाल्याशिवाय ग्राह्य धरता येणार नाही."

"पण बाबा, त्यांचं भांडण नाहीये."

"मग मिटलं काय? अहवालात काय दाखवणार? आधी भांडण तर हवं."

तिघांना पुन्हा वेगळं करण्यात आलं. दाराच्या दोन्ही बाजूंनी रडारड सुरू झाली. चिमटी फटीतून हात बाहेर काढून जाडीला शोधायची. बाबांनी त्याची नोंद 'पंजा उगारला' अशी घेतली. एवढी एक सोडली तर पंचविसाव्या दिवशीही सगळे रकाने कोरे होते.

"कोऱ्या कागदावर मी सही करत नसतो," बाबा म्हणाले, आणि माळ्यावरून चिमटीची टोपली खाली काढली.

मग मी दार लावून बसले आणि भांडणं लिहून काढली. पहिल्या आठवड्यात अकरा वेळा गुरगुर, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात दोन. काकांच्या नाकावर एक ओरखडा, डावीकडे. पश्चात्ताप, परिशिष्टात.

बाबांनी परिशिष्ट दोनदा वाचलं. "पद्धतशीर गेलं की बघ कसं मिटतं," म्हणत त्यांनी सही केली. काकांचं नाक मात्र तपासलं नाही.

चिमटी राहिली. अहवाल सध्या शेजारीपाजारी फिरतोय, सगळ्यांना ओरखडा फार आवडतो. मांजरं बघायला या म्हटलं, तर म्हणतात, झोपलेली काय बघायची? त्यांना कशाला नावं ठेवू. मघाशी गोष्टीत बाथरूमचं दार वाजलं, तेव्हा तुम्हीही जरा सरसावूनच बसलात.