आठवीची रिलीव्हर

शामराव सर निवृत्त झाले आणि हिंदी मुलखातल्या, पोलाद कारखान्याजवळच्या रुआबांध्याच्या एका शाळेत गणिताच्या जागेवर कोणीच आलं नाही. शाळा समितीनं या गोष्टीवर गंभीर विचार केला. मास्तर पगार मागतो, सुट्ट्या मागतो आणि शेवटी निवृत्तही होतो. 'सर्वबोध' नावाचं ऑनलाइन शिक्षण यातलं काहीच करत नाही, शिवाय फुकट आहे. प्राचार्य केवलराम यांनी लगेच परिपत्रक काढलं: गणित मोबाईलवर शिकावं, ज्याचे सगळे व्हिडिओ पाहून पूर्ण होतील तोच वार्षिक परीक्षेला बसेल.

व्हिडिओतले सर उत्तम शिकवत, हे आधीच सांगून टाकतो. अक्षर सुंदर, आवाज गोड, रागावणं नाही. त्यांच्यात दोष एकच होता. त्यांना गुंजन दिसत नव्हती.

गुंजन आठवीत, राहणार सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये. ती एका जागी अडली होती: उणे संख्येला उणे संख्येनं गुणलं तर उत्तर अधिक कसं येतं? वर्गात तिला विचारावंही लागलं नसतं. शामराव सर फळ्यावरून वळत, पोरांची तोंडं पाहत आणि म्हणत, "गुंजन, डोक्यात नाही घुसलं ना? थांब, दुसऱ्या रस्त्यानं जाऊ." इथं तिनं 'शंका' असं लिहिलेलं बटण दाबलं. तोच व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला.

"बाबा, मले समजून नाही राहिलं."

"पूर्ण पाह्य, मंग समजते," तिचा बाप देवीदास म्हणाला.

"पूर्णच पाह्यलं. शंका दाबली का तेच लागते."

"मंग आणखी पाह्य. फुकट आहे."

देवीदास पोलादाच्या प्लांटमध्ये, रोलिंग मिलवर कामाला. परीक्षा जवळ आली तशी त्याला काळजी लागली, पण ती गुंजनला समजण्याची नव्हे, व्हिडिओ पूर्ण होण्याची. व्हिडिओ मधेच थांबून विचारी, "क्या आप देख रहे हैं?" हिरवं बटण दाबलं तरच पुढं सरके. आणि प्लांटचा नियम देवीदासच्या हाडात मुरला होता: रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

"गुंजन शाळेत गेली का तिची पोस्ट खाली राहते," त्यानं बायकोला समजावलं. "सकाळच्या पाळीत आई बसन. दुपारून तू."

"मी बसन त सयपाक कोण करन?" चंदानं विचारलं.

"गुंजन करन ना. ते त रिकामीच हाय."

अशा रीतीनं देवीदासची आई अंजनाबाई आठवीत बसली.

"काय म्हणते हो तो मास्तर?" चंदानं एकदा विचारलं.

"मले का मालूम? पण हिरवं दाबलं का टाळ्या वाजवते. माह्यासाठी जन्मात कोणी टाळ्या नाही वाजवल्या."

चाचणी आली तेव्हाही अंजनाबाईनं दिसेल ते दाबलं. उत्तर चुकलं की 'फिर से प्रयास करें' असं येई. ती प्रयास करी. सर्वबोधनं गुंजनला 'अत्यंत चिकाटीची विद्यार्थिनी' जाहीर केलं. ही व्यवस्था गल्लीला पटली. लवकरच अंगणातल्या बाजेवर म्हाताऱ्या ओळीनं बसून आठवी करू लागल्या आणि शाळेतून आलेली आठवीची पोरं त्यांच्यासाठी चहा मांडू लागली.

गुंजननं आजीलाच गाठलं. "आजी, तू त पूर्ण पाह्यलं. माइनस-माइनस प्लस कावून होते?"

"मले नको विचारू," अंजनाबाई म्हणाली, "शंका दाब."

अख्ख्या वर्गाचे व्हिडिओ पूर्ण झाले. समितीनं अहवाल केला: शामराव सरांच्या काळात मुलं वारंवार अडत असत, आता एकही मूल अडत नाही, सबब गणित शिक्षकाचं पद कायमचं रद्द करावं. लोकशाही असल्यामुळे पालकांची सभा बोलावली.

"जिनको टीचर चाहिए, हाथ उठाइए," केवलराम प्रेमानं म्हणाले. "मतलब आपके बच्चे ने कोर्स खुद नहीं किया. फिर परीक्षा का हम देख लेंगे."

पालकांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता, तरी पाहिलं.

एक हात मात्र वर जायला लागला. बापाच्या शेजारी उभ्या असलेल्या गुंजनचा.

"बाबा, मले खरंच समजत नाही."

"मालूम हाय मले." देवीदासनं तो हात मनगटाला धरून खाली घेतला. हळूच घेतला, दुखू दिलं नाही. "गप राह्य. साल वाया जाईन."

"सर्वसम्मति से," केवलराम म्हणाले.

आता देवीदासला शिव्या घालून मोकळे होऊ नका. तुमच्या पोरानं परवा तुम्हाला काहीतरी विचारलं होतं. काय विचारलं होतं, ते तुम्हाला आठवणार नाही. "मोबाईलवर पाह्य ना," असं कोण म्हणालं, तेवढं आठवून पाहा.