वारा अंगावर घेणारे उत्तमनाना

मुलांनो, धुळ्याला आमच्या शेजारी उत्तमनाना राहायचे. त्यांना कुठलंही अंतर विचारलं की ते केळ्यांत सांगत.

"नाना, शिरपूर किती लांब?"

"तीन केळी."

"आणि दोंडाईचा?"

"चार. वारा समोरून असला तर पाच."

एकदा रस्ता चुकलेल्या एका ट्रकवाल्यालाही त्यांनी असंच उत्तर दिलं. तो बिचारा मान हलवून निघाला आणि पुढच्या पानटपरीवर थांबून दुसऱ्या कुणाला तरी विचारू लागला.

यात चेष्टा नव्हती. नाना तरुणपणी सायकलच्या शर्यतींत उतरत. मुंबईच्या एका गिरणीने त्यांना तेवढ्यासाठीच नोकरीवर ठेवलं होतं. लांबच्या शर्यतीत सदऱ्याच्या मागच्या खिशात केळी ठेवायची आणि पाय जड वाटले की एक खायचं. त्यामुळे रस्ता त्यांना तसाच आठवे. माझ्या सासूबाईंना मात्र हे कधी पटलं नाही. "सायकल चालवायचा पगार? मग पोस्टमनला काय म्हणायचं?" असं त्या नानांना तोंडावर विचारत. नाना हसून म्हणत, "पोस्टमनले थांबनं पडस, माय. आम्हले थांबता येत नव्हतं."

त्यांच्या बाहेरच्या खोलीत शर्यतींचे पाच फोटो होते. प्रत्येकात शेवटची रेषा ओलांडणारा कुणी तरी दोन्ही हात वर करून हसतोय. त्यांतला एकही चेहरा नानांचा नव्हता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, "नाना, तुम्ही यात कुठे?" त्यांनी चौकटीच्या बाहेर, भिंतीच्या चुन्यावर बोट टेकवलं. "मी आठे शे." म्हणजे, मी इथे आहे.

मग समजावून सांगितलं. संघात एक जण जिंकणारा असतो. बाकीच्यांनी आळीपाळीने त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की मागच्याची ताकद वाचते. शेवट जवळ आला की पुढच्याने बाजूला व्हायचं आणि मागच्याला पुढे सोडायचं. नानांनी अकरा वर्षं हेच काम केलं होतं. फोटो काढायच्या वेळी ते कुठे तरी मागे, रस्त्याच्या कडेला धापा टाकत असत.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मला पहिली नोकरी मिळाली. साक्रीच्या रस्त्यावर, नऊ किलोमीटरवरच्या एका गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं होतं. लग्नाआधी घेतलेली पदवी वीस वर्षं ट्रंकेत पडून होती, म्हणून ही नोकरी मला फार हवी होती. पण सकाळची एसटी भरून यायची आणि आमच्या थांब्यावर न थांबताच निघून जायची. पहिल्याच महिन्यात मला तीनदा उशीर झाला. मुख्याध्यापकांनी बजावलं, "बाई, वर्षभर असंच चाललं तर कायम करता येणार नाही."

नानांनी ते सासूबाईंकडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या मापाची एक जुनी लेडीज सायकल घेऊन दारात उभे. कॉलेजात मी सायकल चालवली होती, पण ती पुण्यात. जूनच्या शेवटी साक्रीच्या रस्त्यावर पश्चिमेचा वारा असा यायचा, की पायडल मारूनही मी जागच्या जागीच आहे असं वाटे.

"माझ्या मागे राहा," नाना म्हणाले. "वारा मन्हा, रस्ता तुमना."

ते रोज पुढे निघत. साठीचा माणूस, वाकलेली पाठ, घट्ट काळी चड्डी. मी मागे, चांगलं नऊ वार अंतर ठेवून. ते ओरडत, "जवळ या, बाई! एवढ्या अंतरात बैलगाडी मावेल!" मी जवळ गेले. तिसऱ्या दिवशी एक शेळी आडवी आली, नानांनी ब्रेक दाबला आणि मी सरळ त्यांच्यावर जाऊन आदळले. दोघंही कपाशीच्या शेतात पडलो. मी शरमेने अर्धमेली झाले होते. नाना मात्र गुडघ्याची माती झटकत खुशीत म्हणाले, "आता बरोबर अंतर जमलं!"

शाळा दिसू लागली की ते बाजूला होत, मला पुढे जाऊ देत आणि तिथूनच परत फिरत. "चहा तरी घ्या," असं मी कितीदा तरी म्हटलं. ते एकदाही फाटकापर्यंत आले नाहीत. त्या वर्षात मला पुन्हा उशीर झाला नाही. मे महिन्यात मला कायम केल्याचं पत्र आलं. ते मी आधी नानांना वाचून दाखवलं, मग घरी.

पुढच्या जूनला तुमच्या आजोबांनी मला मोपेड घेऊन दिली. मी नानांना म्हटलं, "आता तुमची सुटका झाली. फार त्रास दिला तुम्हाला." ते म्हणाले, "बरं झालं," आणि मोपेडचा हॉर्न दोनदा वाजवून पाहिला.

आठवड्याने त्यांच्या बायको, जिजाअक्का, मागच्या दाराने आल्या. विरजण मागायच्या निमित्ताने आल्या होत्या, पण वाटी हातातच राहिली.

"बाई, एक सांगू? आठवडामा एक दिन तरी सायकलवर जा ना."

"का हो, अक्का?"

"हे सकायपाइन सायकलना कपडा घालीसन ओटावर बठेल शेतस. तुमची गाडी गेली की मग आत येतस."

त्या शनिवारी मी ओट्यापाशी जाऊन सांगितलं, "नाना, मोपेड सुरूच होत नाही हो." नाना तेव्हाच उठले आणि सायकल काढली.

पुढे नऊ वर्षं माझी मोपेड दर शनिवारी बिघडत राहिली. गल्लीतल्या शिलाई मशीनपासून पिठाच्या गिरणीपर्यंत काहीही नाना दुरुस्त करत. पण माझ्या गाडीला झालंय तरी काय, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.