भूल चढेपर्यंतचं काम

वायपरची पाती बदलायला गॅरेजमध्ये जायची काही गरज नाही, असलं काम आपण डोळे झाकून करू, असं दाताच्या डॉक्टरांनी सकाळी चहा पिताना हात उडवून जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या बायकोने त्यांच्या कोपरापाशी असलेला कप उचलून लांब ठेवला.

गाडीचे वायपर गेले कित्येक दिवस पाणी पुसायच्या ऐवजी काचेवर नीट पसरवून ठेवत होते. उजवीकडचं रबर तर फाटून सुटलं होतं आणि सुटलेल्या बुटाच्या नाडीसारखं काचेवर आपटायचं. त्यात आज बारा वाजता सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी सोडायची होती, त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात बायको नेणार होती, आणि पाऊस उजाडल्यापासून थांबायचं नाव घेत नव्हता. नवी पाती पंधरा दिवसांपूर्वीच आणून मागच्या सीटवर टाकलेली होती. जाता जाता गॅरेजवाल्याकडून बसवून घेते, दोन मिनिटांचं तर काम आहे, असं बायको म्हणाली. ते 'दोन मिनिटांचं' डॉक्टरांना झोंबलं. माणसाच्या तोंडातून दाढ मुळासकट उपटणाऱ्याला एक रबर उपटता येणार नाही, असं तिला वाटतं तरी कसं?

अडचण एवढीच होती, की डॉक्टरांचा स्वतःचा दवाखाना घराच्या तळमजल्यावरच होता आणि सव्वानऊला एक पेशंट यायचा होता. तो वेळेवर आला. शहर बसचा ड्रायव्हर होता तो, पंचवीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेला, भरघोस मिशांचा, एका खालच्या दाढेने पार हैराण झालेला. डॉक्टरांनी त्याला भुलीचं इंजेक्शन दिलं, गळ्यात हिरवा रुमाल अडकवला आणि ओठ-जीभ बधिर व्हायला दहा मिनिटं लागतील, तोवर निवांत बसा, असं सांगून ते बाहेर आले. त्यांच्या हिशेबाने दहातली सहा मिनिटं शिल्लक राहणार होती.

गाडी दारापुढच्या छपराखाली उभी होती. सासूबाई पुढच्या सीटवर कधीच्या येऊन बसल्या होत्या. कुठेही जायचं असलं की दोन तास आधी तयार होऊन बसायची त्यांची जुनी सवय. एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर पर्स, आणि उरलेला डोळा काचेतून थेट जावयावर.

डॉक्टरांनी वायपरचा दांडा उभा केला आणि पातं ओढलं. हललं नाही. पिळलं. हललं नाही. मग त्यांनी आपल्या धंद्यातली युक्ती काढली: दोन बोटांत धरून आतबाहेर, आतबाहेर, हलक्या हाताने. तोंडून सवयीने निघून गेलं, "आता सुटेल हं, जरासं दुखेल." जावई कोणाशी बोलतोय, असं सासूबाईंनी मागे वळून लेकीला विचारलं. ती पायरीवर घड्याळ बघत उभी होती.

दवाखान्याची खिडकी नेमकी या बाजूलाच उघडत होती, आणि ड्रायव्हर खिडकीतून सगळं बघत होता. त्याने आयुष्यात अशी शेकड्यांनी पाती बदलली होती. त्याला राहवेना. पण एव्हाना भूल चढली होती.

"डॉअर, खअका दाआ," तो म्हणाला. "दाआ, आनि काआ."

खटका दाबा आणि काढा, एवढंच त्याला सांगायचं होतं. डॉक्टरांनी मान डोलावली. "हो, दाढच काढायची आहे. घाई करू नका, भूल नीट चढू द्या."

थोड्या वेळाने ड्रायव्हर गळ्यातल्या रुमालासकट बाहेर आला आणि दांड्याकडे बोट दाखवू लागला. डॉक्टरांना वाटलं, हा घाबरून पळतोय. असे पळणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, मोठमोठे पैलवान या खुर्चीत थरथरतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, अशी समजूत घालत त्याला आत नेऊन बसवलं आणि कपाटातून दाढ काढायचा एक जुना चिमटा घेतला. चिमटा पाहून ड्रायव्हरने मुकाट्याने तोंड उघडलं. डॉक्टर चिमटा घेऊन त्याच्यासमोरून सरळ गाडीकडे गेले.

मग चिमटा झाला, पक्कड झाली, स्वयंपाकघरातलं तेल झालं. साडेदहा वाजले. शेवटी डॉक्टरांनी एक पाय चाकावर रोवून जोर लावला, तेव्हा पक्कड निसटली आणि ते मागे झाडाच्या कुंडीत बसले.

आता मात्र ड्रायव्हर बाहेर आला तो काही समजावायच्या भानगडीत पडलाच नाही. त्याने डॉक्टरांना कुंडीतून उठवून बाजूला उभं केलं. दांडा चुकून सटकला तर काच फुटायला नको, म्हणून गळ्यातला रुमाल सोडून, चौपदरी घडी करून काचेवर ठेवला. अंगठ्याने नखाएवढा एक खटका दाबला, पातं खाली सरकवलं आणि डॉक्टरांच्या हातात दिलं; पाठोपाठ दुसरंही.

सासूबाईंनी पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

नवी पाती मात्र आपणच बसवणार, असा डॉक्टरांनी हट्ट धरला. दोन्ही टक्कन बसली. त्यांनी बायकोला रुबाबात वायपर चालू करायला सांगितलं. काचेवर पाणी उडालं, पाती उठली आणि एकाच दारातून एकदम बाहेर पडू पाहणाऱ्या दोन माणसांसारखी एकमेकांत अडकून बसली. लांब पातं आखुडाच्या जागी लागलं होतं. ड्रायव्हरने डोळ्यांवर हात घेतला. पाती अदलाबदल झाली. आता ती अडकेनात, पण काच होती तशीच ओली.

डॉक्टरांना एकदम हुरूप आला. म्हणजे दोष मालात होता तर. त्यांनी तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला आणि गिऱ्हाईकाला असला रद्दी माल गळ्यात मारताना तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, इथपासून सुरुवात केली. तेवढ्यात सासूबाईंनी खिडकीची काच खाली केली.

"जावईबापू, मला एकाच डोळ्याने दिसतंय, चुकत असेन. पण त्या रबरावर पिवळं प्लास्टिक आहे, ते तसंच ठेवायचं असतं का?"

डॉक्टरांनी वाकून पाहिलं. दोन्ही रबरांवर कारखान्यातून आलेली प्लास्टिकची पट्टी जशीच्या तशी होती. त्यांनी फोनमध्ये "राँग नंबर" म्हटलं आणि तो खिशात टाकला.

सव्वाअकराला गाडी निघाली. वायपरने भुरभुर पाऊस असा पुसला, की काच आहे की नाही कळू नये. गाडी वळणाआड जाईपर्यंत डॉक्टर कमरेवर हात ठेवून बघत राहिले. चिखल, तेल आणि काजळी सोडली तर कामगिरी फत्ते झाली होती. मग ते आत गेले, तीनदा हात धुतले, कपडे बदलले, नवे हातमोजे चढवले आणि ड्रायव्हरला म्हणाले, की चला, आता तुमचं बघू. त्यांनी दाढेला हळूच हत्यार लावलं. ड्रायव्हर खुर्चीतून वीतभर उडाला. दोन तासांत भूल केव्हाच उतरली होती.

डॉक्टरांनी दिलगिरी व्यक्त करत दुसरी सुई भरली आणि त्याला तोंड उघडायला सांगितलं. ड्रायव्हरने ते उघडलं नाही. आधी ओठांवरून जीभ फिरवून पाहिली, जबडा दोन्हीकडे हलवून पाहिला, आणि मग सकाळपासून पहिल्यांदाच अगदी स्पष्ट शब्दांत विचारलं,

"डॉक्टर, हे काम तरी तुम्ही याआधी केलंय ना?"