अंगठ्याला वाचून दाखवा

माझा डावा अंगठा वाचून दाखवल्याशिवाय कुठल्याच कागदावर उमटत नाही.

मूळचा अंगठा रसवंतीच्या चरकात गेला. मोठ्या दवाखान्याने माझ्याच मांसाचं बी काढलं, त्यात कसलासा शहाणा धागा घातला आणि काचेच्या भांड्यात नवा वाढवून बसवला. ऊस नीट धरतो, चिमटा काढला तर दुखतो. तक्रार नाही. फक्त कागद पुढे आला की रेघा आत ओढून घेतो आणि सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत होतो. सगळं ऐकून पटलं, तरच रेघा वर येतात.

दोन वर्षांनी दवाखान्याच्या मोघेसाहेबांनी बोलावलं. "करा अंगठा, नाना."

शाई लावून दाबला. नुसता काळा डाग.

"उजव्याचा घ्या," मी म्हणालो.

"पुरुषाचा डावाच लागतो. उजवा बायकांचा."

"मग वाचा. त्याला ऐकायचंय."

"आजवर कधी वाचून केलात का अंगठा?"

नव्हता केला. थोरल्या भावाने असाच कागद पुढे केला होता, माझं वावर गेलं. पण तो अंगठा जुना होता.

साहेबांनी भराभर वाचलं. अंगठा गुळगुळीतच.

"मधलं काहीतरी खाल्लंत."

त्यांनी चष्मा पुसला आणि सातवं कलम वाचलं. अंगठा संस्थेच्या मालकीचा असून तपासणीसाठी मुळापासून परत घेण्यात येईल. यास अंगठ्याची संमती आहे.

"मग ऊस काय तुमच्या नाकाने धरू?"

"नियम आहे, नाना. पण त्याच्या ठशाशिवाय त्याला काढताही येत नाही."

"मग घ्या की ठसा."

चारदा घेतला. शाईची गादी सुकली. शेवटी साहेबांनी सातवं कलम खोडलं, वर लिहिलं, 'अंगठा आहे तिथेच राहील', आणि अंगठ्याकडे वाकून मोठ्याने वाचलं. ठसा असा उमटला की रेघा मोजून घ्याव्यात.

"झालं. आता त्याचा सांभाळ करणारे म्हणून तुमचा. उजवा चालेल."

"आता चालतो होय?"

"चालतो."

शाई लावलेला उजवा अंगठा मी कागदाच्या वीतभर वर धरला. एकाहत्तर वर्षांचा, जन्मात काही न विचारलेला.

"वाचा."

"आत्ताच तर वाचलं."

"ते त्याला. मला कुठं?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्या कलमापासून सुरुवात केली.