पलीकडची कॅसेट

वामन धानके बोलता बोलता मधेच थांबायचा. उजव्या हाताचं एक बोट वर करायचा, शेजारच्या रिकाम्या जागेकडे कान द्यायचा, समजल्यासारखी मान डोलवायचा आणि मग पुढचं बोलायचा.

"सायेब, आज तुमचा पंखा लयच हळू फिरतोय…" बोट वर. शांतता. मान. "…व्हय रे, तेच सांगतोय त्यांना."

आता 'व्हय रे' कुणाला? कचेरीत त्या वेळी मी, वामन आणि भिंतीवरची पाल. पालीने तोंड उघडल्याचं मला तरी आठवत नाही.

नव्वदीच्या दशकात मी मुरबाडच्या वीज कचेरीत तक्रारी लिहून घ्यायला होतो. बदली होऊन आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, बाहेर कुत्रंही हलत नसताना हा गृहस्थ दारात उभा. चाळिशीचा, अंगाने काडी, खिशात टेस्टर. बाजारात त्याची रेडिओ-टेप दुरुस्तीची टपरी होती.

"तक्रार काय?" मी विचारलं.

"व्होल्टेज कमी पडतंय. त्याच्यानं माझा दोस्त मागं र्‍हातो."

"दोस्त कुठला?"

"डोळखांबचा."

"मग शहापूरच्या कचेरीत जा. डोळखांब आमच्याकडे येत नाही."

"नाय सायेब," वामन समजुतीने म्हणाला. "तो वारला. आता माझ्याकडंच असतो."

मी पेन खाली ठेवलं. वामनने बोट वर केलं, ऐकलं आणि म्हणाला, "तो म्हणतो, नवीन हाय, घाबरला."

घाबरलो होतोच!

खरी हकिगत पुढे तुकड्यातुकड्यांनी कळली. वामन गिटार वाजवायचा. मुरबाडात गिटार म्हणजे लोक आधी विचारायचे, याच्यात भरतात काय? डोळखांबच्या एका पाड्यावरचा गणा त्याचा जोडीदार. गणा गायचा आणि तोंडाने बाजा वाजवायचा. दोघांनी आपली पहिली कॅसेट काढायची ठरवलं. नाव 'पलीकडून'. सगळी गाणी सवाल-जबाबाची, एक ओळ वामनची, तिला उत्तर गणाचं.

पण वामनला टपरी सुटेना आणि गणाला शेत. भाताची लावणी म्हटल्यावर गणा कुठला येतोय! मधे सगळा शहापूरचा वळसा. तेव्हा या दोन पंडितांनी जी युक्ती काढली तशी जगात दुसऱ्या कुणाला सुचली नसेल. वामनने मुरबाडात आपल्या ओळी भरल्या आणि गणाच्या ओळींसाठी मनात आठ आकडे मोजून जागा कोरी ठेवली. गणाने डोळखांबला आपल्या ओळी भरल्या आणि वामनसाठी आठ आकडे मोजून जागा सोडली. झाल्या दोन कॅसेटी! एक अलीकडची, एक पलीकडची. दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचे, दोन्हींची बटणं एकदम दाबायची, की गाणं पुरं.

कॅसेट निघाली आणि गणा त्याच पावसात तापाने गेला. दोन्ही बाजू एकत्र लावलेल्या त्याने एकदाही ऐकल्या नाहीत.

मुरबाडात दोन टेप कुणाच्या घरी असणार? वामनने एक कॅसेट न्हाव्याला दिली, दुसरी समोरच्या शिंप्याला. भर दुपारी, रस्ता ओस पडलेला असताना, न्हाव्याच्या दुकानातून वामनचा आवाज विचारायचा,

"पलीकडच्या काठावरून कोण हाका मारतं?"

मग नुसती खरखर. शिंप्याकडून उत्तर येईना. न्हाव्याकडे दुसरा सवाल सुरू झाला की त्याच्या अंगावर, रस्त्याच्या पलीकडून, मेलेला माणूस सावकाश गायचा,

"मीच रे मी, पाणी ओसरलं की येतो."

गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून उठायचं. चार दिवसांनी शिंप्याने कॅसेट परत आणून दिली. "वामनभाऊ, तुमची वस्तू तुमी ठेवा. गाणं नसतं तवा पण आत कोण तरी पुटपुटतंय."

"पुटपुटत नाय काय," वामन उखडला, "व्होल्टेज घुमतंय ते!"

त्याच्या लेखी सगळा दोष व्होल्टेजचा. गणाचा टेप हळू फिरतो, म्हणून गणा मागे राहतो. एकदा, फक्त एकदा गाणं जुळलेलं ऐकायचं, एवढं त्याचं मागणं. त्यासाठी तो दर महिन्याला येऊन तीच तक्रार लिहायचा. मी एकदा म्हटलं, "अहो, गणाची एकटी लावून बघा ना, काय घोळ आहे तो कळेल."

"एकटी कशी लावू?" तो दचकून म्हणाला. "तो एकटा पडंल ना."

असं दहा-बारा वर्षं चाललं. सीड्या आल्या, टपरीत मोबाइल दुरुस्तीला यायला लागले. माझ्या बदलीचा हुकूम निघाला त्याच आठवड्यात, भारनियमन संपून दुपारी वीज आली आणि वामन धापा टाकत कचेरीत शिरला. "सायेब, चला! आज पुरं आलंय, व्होल्टेजच्या मीटरची सुई हालत नाय!"

टपरीत दोन स्टुलांवर दोन टेप. वामनने दोन अंगठ्यांनी दोन बटणं दाबली. पहिलं कडवं नेहमीसारखंच एकमेकांच्या पायात पाय घालून पडलं. मग वामनच्या टेपमधला रबरी पट्टा तुटला आणि अलीकडची बाजू गप्प झाली.

पलीकडची चालू राहिली.

गणाची ओळ संपली. खरखर. वामन बंद करायला धावला आणि हात तसाच राहिला. आतून कुणीतरी खरंच पुटपुटत होतं. हलक्या आवाजात, लावणीच्या चिखलात भाताचं एकेक आवण रोवावं तसं.

"एक… दोन… तीन… चार…" मधेच हसल्यासारखं झालं. "वामन्या, तू धावशील, मला म्हाईत हाय. धावू नको रे… पाच… सहा…"

टपरीत ऊन मावत नव्हतं आणि माझ्या दंडावर काटा उभा होता.

वामनने गणाची ओळ ऐकून घेतली. पुढची कोरी जागा आली तेव्हा तो तोंडाने गायला. गिटार नाही, काही नाही. गणाच्या आकड्यांवर पाय ठेवत, सावकाश. "पलीकडच्या काठावरून कोण हाका मारतं?"

आठ म्हणताच त्याची ओळ संपली, आणि गणा आला. अगदी वेळेवर.

दुसऱ्या दिवशी वामन कचेरीत आला. मी सवयीने तक्रारवही उघडली.

"तक्रार नाय. आजवर लिवल्या त्या सगळ्या खोडा. व्होल्टेज बरोबर व्हतं, मीच घाईत व्हतो." आणि बोट वर केलं. या वेळी बराच वेळ थांबला. मी मनात आठ मोजले, गणाच्या चालीने. आठाला त्याने मान डोलवली.

इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. जायच्या आधी विचारून घेतलं. "काय म्हणाला?"

"म्हणाला, सायेब चाललेत, त्यांच्यासंगं च्या पिऊन ये."

मी खिडकीतून चहावाल्याला हाक मारली. त्याने किती म्हणून बोटांनी विचारलं, मी तीन दाखवली.

चहा आला. वामन प्यायला, मी प्यायलो. तिसऱ्या कपाकडे मी मुद्दामच बघितलं नाही.